गाळलेले डाव

कुस्ती ही विद्या पुरी की अधुरी, या एका प्रश्नावर त्या तालमीचा आख्खा पावसाळा गेला. तालीम कोल्हापूरजवळच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावची. पावसाळ्यात जत्रा नसतात, फड भरत नाहीत. पहाटेची मेहनत उरकली, हौद्यातली माती उकरून सारखी केली, की पाऊस उघडेपर्यंत पैलवान ओसरीवर बसून राहतात. त्या वर्षी त्यांना बोलायला विषय दिला नामदेवनं.

नामदेव याच मातीतला. कोवळ्या वयात सैन्यात गेला. तिथं एका प्रशिक्षकानं त्याची पकड बघितली आणि त्याला ज्युदोत घातलं. नोकरी पुरी करून तो गावी परतला तेव्हा त्याच्या पेटीत ज्युदोचा जाड पांढरा अंगरखा होता आणि डोक्यात एक पक्कं मत: आपण लहानपणी शिकलो ती विद्या अर्धीच होती.

त्याचा जुना जोडीदार बाजीराव गाव सोडून कधी गेला नव्हता. दोघं एकाच वस्तादांचे पठ्ठे, एकाच हौद्यात घुसळलेले. बाजीरावनं जिल्ह्यातले फड गाजवले, एकेरी पटावर नाव कमावलं आणि आता थकलेल्या वस्तादांच्या हाताखाली तो पोरांना तयार करत होता. ज्या विद्येला त्यानं जन्म वाहिला तिला कुणी अर्धी म्हणावं, हे तो ऐकून घेणार नव्हता.

"कुस्तीत ठोसा न्हाई, लाथ न्हाई. गळा आवळायचा न्हाई, सांधा उलटा करायचा न्हाई," नामदेव बोटं मोजायचा. "पाठ टेकली की खेळ खलास. रस्त्यावर पाठ टेकली म्हणून कोण सोडतंय, मर्दा?"

"ज्याला आडदांड गडी उचलून आपटता येतोय, त्याला रस्त्यावर काय भ्या?" बाजीराव म्हणायचा. "आन् गामाला कुणी ठोसा शिकवला होता?"

गामा पैलवानाचं नाव निघालं की वाद हमखास तासभर लांबायचा, कारण एकाच कुस्तीचे दोघं दोन अर्थ लावायचे. १० सप्टेंबर १९१०. लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को समोरासमोर आले. गामानं त्याला लवकरच खाली घेतलं, आणि मग झ्बिश्को पोटावर पसरून जमिनीला जो चिकटला तो शेवटपर्यंत. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलटवायला धडपडत होता. निकाल लागला नाही. आठवड्यानं पुन्हा लढत ठरली, तिला झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

"भ्याला म्हणून उपडा पडला आन् भ्याला म्हणून आला न्हाई," बाजीराव सांगायचा. "पुढं १९२८ ला पतियाळात परत गाठ पडली, तवा मिनिटाच्या आत आस्मान दावलं त्याला."

"आरं पण लंडनात अडीच तास गडी उपडा पडलाय, पाठ दिलीया, मान उघडी हाय, आन् गामाकडं त्याला संपवायला डाव न्हाई!" नामदेव उसळायचा. "ज्युदोत त्यो दहा-पंधरा सेकंदांत झोपला असता."

खाशाबा जाधवांचंही तसंच. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. बाजीराव म्हणायचा, बघा मातीतला गडी. नामदेव म्हणायचा, लंडनला गादीवर अडला, पुढची चार वर्षं गादीचा अभ्यास केला, तेव्हा पदक आलं. दोघंही खरंच बोलत होते, आणि खरं बोलूनही वाद जागचा हलत नव्हता.

बाजीरावही गप्प बसून मार खाणारा नव्हता. त्यानं मोबाइलवर ज्युदोच्या लढती बघायला सुरुवात केली आणि एक दिवस त्याला हवं ते सापडलं. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून उभ्या लढतीत पायाला हात घालायलाच बंदी झाली. "ज्या विद्येत समोरच्याच्या पायाला हात लावला की दंड, ती पुरी व्हय रं?" त्यानं भर ओसरीवर विचारलं. नामदेवनं काही तरी उत्तर दिलं, पण ते त्याला स्वतःलाच पटलं नसावं.

अशा वादात विद्या लवकरच बाजूला राहते, असं मला वाटतं. माणूस आपली उमेदीची वर्षं एका आखाड्यात घालतो. तिथं काही कमी आहे असं कुणी म्हटलं की ती वर्षं वाया गेली असं त्याच्या कानाला ऐकू येतं. मग तो डावांची नाही, स्वतःच्या आयुष्याची बाजू मांडू लागतो. बाजीराव तेच करत होता. नामदेवचं दुखणं जरा वेगळं होतं. परक्या विद्येत त्यानं नाव काढलं होतं आणि त्याची पावती त्याला याच ओसरीवर, याच माणसांकडून हवी होती.

शेवटी पोरांनीच दोघांना भरीस घातलं. आधी हौद्यात, मग ज्युदोच्या अंगरख्यात. हौद्यातली लढत फार चालली नाही. थोडी खडाखडी झाली, बाजीराव खाली वाकला, एकेरी पट काढला आणि नामदेव चितपट झाला. पायावरचा हल्ला रोखायची सवयच त्याच्या अंगातून गेली होती.

दुसरी लढत शाळेतून आणलेल्या गाद्यांवर झाली. सुरू होण्याआधी नामदेव बाजीरावच्या कानाशी हळूच म्हणाला, "सोसंना झालं तर थाप मार. लगीच सोडतो." पोरांना हे ऐकू गेलं नाही. पहिल्याच फेकीत बाजीराव खाली आला आणि जन्माच्या सवयीनं पाठ वाचवत पोटावर वळला. कुस्तीत ही सर्वांत भरवशाची जागा. ज्युदोत मात्र त्यानं मान हवाली केली होती. नामदेवनं मागून कॉलर धरून आवळली. बाजीरावचा चेहरा लाल झाला, मग काळवंडला, पण हात काही हलला नाही. नामदेवच घाबरला आणि त्यानं स्वतःहून पकड सोडली.

बाजीराव खोकत उठला आणि म्हणाला, "मी हरलो न्हाई. तू सोडलंस."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या लेखी दोघंही जिंकले होते.

त्याच आठवड्यात नामदेवनं पोरांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९५१ साली रिओ दि जानेरोत जपानचा किमुरा आणि ब्राझीलचा हेलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुरानं ग्रेसीचा हात मागं पिरगळला. हात मोडला तरी ग्रेसीनं थाप दिली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्या माणसानं टॉवेल टाकला तेव्हा लढत थांबली. त्या डावाला पुढं किमुराचंच नाव पडलं. नामदेवला सांगायचं होतं की तो डाव केवढा जबर. पोरांनी लक्षात ठेवलं ते वेगळंच: हात मोडला, पण थाप दिली नाही.

पुढं जे झालं ते एका पहाटे झालं. जोर-बैठका संपल्या होत्या आणि लहान पोरांच्या जोड्या लागल्या होत्या. दत्ता आणि संतू, दोघंही तेरा-चौदा वर्षांचे. दत्तानं संतूला खाली घेतलं. संतूनं पाठ वाचवली, पोटावर आला, कोपरं अंगाशी घेतली आणि मातीला चिकटला. शिकवल्याबरहुकूम. दत्तानं घिस्सा मारून बघितला, मोळी बांधून बघितली; संतू उलटेना. तेव्हा दत्तानं गेल्या आठवड्यात डोळ्यांनी बघितलेलं करून बघितलं. मागून हात घातला, कोपराच्या बेचक्यात संतूचा गळा धरला आणि आवळला.

बाजीराव चार पावलांवर उभा होता. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याला एवढंच दिसलं की पोरगं दाबाखाली आहे आणि तरीही पाठ देत नाही. "शाब्बास संतू! दम धर! पाठ दिऊ नगं!" तो ओरडला.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडं रक्त नेणाऱ्या धमन्या असतात. त्या दाबल्या तर माणूस दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्या वेळी त्याला फारसं दुखतही नाही. दम धरून यातून सुटका होत नाही, कारण इथं कमी पडतं ते छातीतला वारा नव्हे. हे संतूला ठाऊक नव्हतं. दत्ताला नव्हतं. सगळं आयुष्य कुस्तीत घालवलेल्या बाजीरावलाही नव्हतं.

नामदेव तेवढ्यात दारात आला होता. त्याला संतूची बोटं दिसली. मातीत रुतलेली बोटं सैल पडत होती. चपला काढायचंही भान न राहता तो हौद्यात उतरला. त्या हौद्यात चपलेचा पाय पडल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं दत्ताला बखोटीला धरून बाजूला फेकलं आणि संतूला उताणा केला. काही क्षण कुणीच श्वास घेतला नाही. मग संतूच्या पापण्या हलल्या. त्यानं वर वाकलेले चेहरे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला:

"पाठ लागली का माझी?"

डॉक्टरांनी तपासलं. पोरगं धड होतं. पण वस्तादांनी त्या दिवशी हौदा बंद ठेवला.

संध्याकाळी ओसरीवर दोघांनी एकमेकांवर तोंड टाकलं. "तुझ्या विद्येनं आज पोर घालवलं असतं," बाजीराव म्हणाला. "आन् दम धर म्हणून कोण वरडत हुतं?" नामदेवनं उलट विचारलं. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दोघांनाही थांबवलं नाही. दोघं दमल्यावर त्यांनी नामदेवला विचारलं, "तुमच्यात ल्हान पोरास्नी ह्यो गळ्याचा डाव शिकवत्यात?"

"न्हाई, वस्ताद. बऱ्याच देशांत ल्हान वयात त्याला बंदी हाय."

"का?"

"इजा हुती म्हणून."

"आन् मोठ्यांच्यात समदं चालतंय?"

नामदेव जरा घुटमळला. मग सांगू लागला. कानो जिगोरो नावाच्या माणसानं १८८२ मध्ये तोक्योत ज्युदो सुरू केला. त्याआधी तो जपानची जुनी जुजुत्सू विद्या शिकला होता. तिच्यात ठोसे होते, लाथा होत्या, सांधे मोडण्याचे नाना प्रकार होते. कानोनं त्यातले जीवघेणे डाव रोजच्या झुंजीतून काढले आणि ठरावीक हालचालींच्या सरावात जपून ठेवले. उरलेले डाव मात्र दोघांनी सगळा जोर लावून खेळायचे. रोज जोर लावून खेळल्यामुळंच ज्युदोवाले तयार झाले.

"म्हंजे तुमच्यातबी गाळलंय," वस्ताद म्हणाले.

"व्हय."

"मग गाळल्यामुळं ती अधुरी झाली, का तयार झाली?"

नामदेव गप्प राहिला. बाजीरावच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं. आपली बाजू जिंकली असं त्याला वाटलं असावं. वस्ताद त्याच्याकडं वळले.

"माझ्या वस्तादांनीबी मला गळा शिकवला न्हाई, सांधा उलटवायचं शिकवलं न्हाई. आमी समदी दुसऱ्याच्या बांधावर राबणारी पोरं. पहाटं कुस्ती, दिवसभर उसाची भांगलण न्हाईतर मोळ्या. हात मोडला तर घरात चूल कुठली पेटायची? पाठ टेकली की झालं, उठ, हात मिळव, कामाला जा. आपल्या आखाड्यानं भांडण तिथं तोडलंय. ते कुणाच्या ध्यानातनं ऱ्हायलं न्हाई, ठरवून तोडलंय. आता हे नाम्याला दिसलं न्हाई, खरं हाय. पण तुला तरी कुठं दिसलं? तू कुस्ती पुरी म्हणतोस, ती तिच्यात समदं हाय म्हणून. तिच्यात समदं न्हाईच, लेका."

बाजीरावचं हसू गेलं.

मग वस्ताद जे बोलले ते बोलायला त्यांना जड गेलं, हे ऐकणाऱ्यांनाही कळत होतं. "आन् कमी बी हाय. आज ती मला दिसली. जल्मभर पोरास्नी सांगितलं, पाठ लागस्तवर हार न्हाई. हरलं का न्हाई ते माती सांगती, पंच सांगतोय. पण पोराला स्वतःला सांगायची सोय आपण ठिवलीच न्हाई. संतू मरायला टेकला, तरी त्याच्यापाशी सांगायला खूण न्हवती. त्यानं काय चूक केली? जे शिकवलं तेच केलं."

यावर वाद झाला नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी वस्तादांनी सांगितलं की आता प्रत्येक पोरानं थाप द्यायला शिकायचं, आणि त्यावर बाजीराव पहिल्यांदाच वस्तादांना उलट बोलला. "वस्ताद, पैलवानानं हात आपटून हरलो म्हणायचं? एकदा का सवय लागली, की घिस्सा बसला तरी पोरं थाप मारतील. दम म्हणून ऱ्हायचा न्हाई."

त्याचं भय खोटं नव्हतं. कुस्तीतली निम्मी कमाई या न सोडण्याच्या सवयीतच आहे. खाली दाबला गेलेला, मातीनं तोंड भरलेला, तरीही कड न फिरवणारा पोरगा पुढं शेतात, नोकरीत, घरच्या आजारपणात तसाच टिकून राहतो, हे त्या भागात अनेकांनी बघितलं आहे. ते घालवून चालणार नव्हतं. वस्तादांनी थोडा विचार करून मर्यादा घातली: थाप फक्त मानेला आणि सांध्याला. दम सुटला म्हणून नाही, पाठ जाते म्हणून नाही, माती डोळ्यात गेली म्हणून नाही. आणि समोरून थाप आली की दुसऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं. जो सोडणार नाही त्यानं महिनाभर हौद्यात उतरायचं नाही. मोठ्या पोरांना गळ्याचे डाव शिकायचे असतील तर नामदेवच्या देखत, गादीवर. लहानांना ते शिकवायचेच नाहीत.

बाजीरावला हे पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. तो मातीतच शिकवतो, गादीकडं फिरकत नाही, आणि थाप शिकवायचं काम त्यानं नामदेववर सोडलं आहे. मात्र जोड्या लागल्या की तो आता चार पावलांवर उभा राहत नाही. गुडघ्यावर बसून खालच्या पोराचे हात बघतो. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

नामदेवनं अधुरी हा शब्द सोडून दिला. तो मोठ्या पोरांना पायावरचा हल्ला कसा रोखायचा ते बाजीरावकडून शिकायला पाठवतो, स्वतःही जातो. हेलिओ ग्रेसीची गोष्ट तो अजून सांगतो. फक्त आता टॉवेल टाकणाऱ्या माणसावर जास्त वेळ थांबतो.

कुस्ती पुरी की अधुरी हा प्रश्न त्या ओसरीवर अजूनही निघतो, विशेषतः पावसाळ्यात. दत्तानं पुढं कुस्ती सोडली. त्या पहाटेनंतर त्याचा हात कुणाच्या मानेजवळ गेला की थरथरायचा. वस्तादांनी त्याला परत आणायचा प्रयत्न केला, तो आला नाही. हे नुकसान कुणाच्याच हिशेबात धरलेलं नाही, पण ते झालं आहे. संतू गादीवर खेळतो, मातीतही खेळतो. आणि त्या तालमीत नवा पोरगा आला, तर जोर मारायला लावण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी करून घेतात: आधी थाप द्यायची, आणि मग थाप लागताच सोडायचं.